दहावीच्या धड्यातून गळालेला शब्द

मागच्या वर्षी आमच्या घरात दहावीची दोन मुलं होती. माझा मुलगा स्टेट बोर्डाला, पुतणी सीबीएसईला. रविवारी सकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसायची आणि पोह्यांच्या बशा ठेवायला जागा उरायची नाही. एकदा पुतणीचं लक्ष त्याच्या विज्ञान भाग २ च्या पहिल्याच धड्याकडे गेलं. 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तिच्या पुस्तकातही हा विषय होता, पण धड्याचं नाव नुसतंच 'हेरेडिटी', म्हणजे आनुवंशिकता.

"काका, ह्याच्या धड्यात एक शब्द जास्त कसा?"

त्याच्यात जास्त नव्हता, तिच्यातला गेला होता. हे मी तिला सांगितलं खरं, पण पुढचं विचारल्यावर माझी गाडी अडली. उत्क्रांती शाळेत शिकवावी की नाही हा वाद आपण पेपरात वाचतो, ग्रुपवर त्यावर हमरीतुमरीही करतो. पण नक्की काय शिकवायचं आहे आणि भांडण कशावरून आहे, हे चार वाक्यांत सांगा म्हटलं की त-त-प-प होतं. पोहे गार होईपर्यंत मी "अगं, ते असं असतं" एवढंच म्हणत होतो. मग जरा बैठक मारून वाचलं. ते इथे मांडतो.

शब्द गेला कुठे?

सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तकं एनसीईआरटी ही केंद्रीय संस्था तयार करते. कोविडमध्ये शाळा बंद असताना अभ्यास हलका करायला काही भाग तात्पुरते वगळले गेले. पुढे पुस्तकांची रीतसर काटछाट झाली आणि दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग कायमचाच निघाला. डार्विनची चौकट गेली, जीवाश्म गेले, माणसाच्या उत्क्रांतीचा तुकडाही गेला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र काढून तो परत आणण्याची मागणी केली. त्यावर उत्तर मिळालं की विषय रद्द केलेला नाही, बारावीच्या जीवशास्त्रात त्यावर अख्खा धडा आहे.

हे खरं आहे. बारावीत धडा आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आपल्या बालभारतीच्या पुस्तकात मात्र हा धडा ठाण मांडून बसला आहे. २०२५ मध्ये राज्याच्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सीबीएसई पॅटर्न आणण्याची घोषणा झाली. ती करणारे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, मालेगावचे. हा पॅटर्न वर्ग चढत दहावीत पोचेल तेव्हा कोणता धडा राहील, हा प्रश्न आता माझ्या मुलाच्या मागून येणाऱ्या पोरांचाही आहे.

आधी द्राक्षबागेत शिरू

उत्क्रांती म्हणजे सजीवांच्या गुणांत पिढ्यान्‌पिढ्या होत जाणारा आणि वारशाने पुढे जाणारा बदल. व्याख्या एवढीच. हा बदल होतो कसा, हे समजून घ्यायला नाशिकसारखी जागा नाही.

माझा मेव्हणा निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीला कोवळी फूट येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. ही डावणी. मग पहाटे ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचा आणि औषध मारायचं. दोन-तीन हंगाम जे औषध रामबाण असतं तेच एखाद्या वर्षी पाण्यासारखं वाटायला लागतं. मेव्हणा म्हणतो, "बुरशीला सवय झाली औषधाची."

त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, पण 'सवय' हा शब्द चुकीचा. आणि उत्क्रांतीबद्दलचे निम्मे गैरसमज याच शब्दातून निघतात.

होतं काय ते बघा. बागेत बुरशीचे कोट्यवधी बीजाणू असतात. प्रत्येक पिढीत जनुकांची, म्हणजे वारशाने मिळणाऱ्या सूचनांची, नक्कल होते. नक्कल करताना कुठे ना कुठे चूक होतेच. या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी बिघडतं. एखाद्या बीजाणूत मात्र अशी चूक होते की औषध जिथे जाऊन डसतं ती जागाच थोडी वेगळी होऊन बसते. ही चूक फवारणीच्या आधीचीच असते, औषधाला बघून झालेली नसते. फवारणी झाली की बाकीचे मरतात आणि हा वाचतो. वाढायला रान मोकळं मिळतं. काही आठवड्यांत बागेत जी डावणी दिसते ती याची पिलावळ. तिच्यातल्या कुणालाही सवय लागलेली नसते. ज्यांना औषध लागू पडत होतं ते मागे उरलेच नाहीत, इतकंच.

याला नैसर्गिक निवड म्हणतात. तिला तीन गोष्टी लागतात: एकाच जातीतल्या जिवांत थोडाफार फरक, तो फरक पोरांत उतरणं, आणि त्या फरकावरून कोण टिकणार हे ठरणं. निवड म्हटलं की निवडणारा डोळ्यासमोर येतो, पण इथे निवड करणारा म्हणजे औषध, दुष्काळ, थंडी, शिकारी, रोग. विचार करणारं कुणी नाही.

'सवय' वाली कल्पना फ्रान्सच्या लामार्कने १८०९ मध्ये मांडली होती: वापराने कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात. ऐकायला पटते. पण घण मारून लोहाराचे दंड भरले म्हणून त्याचं बाळ भरलेले दंड घेऊन जन्मत नाही.

माणूस स्वतः निवडणारा झाला की हेच काम झपाट्याने होतं. सोनाका, तास-ए-गणेश ही द्राक्षं आपल्याला वेगळी वाटतात, पण दोन्ही थॉम्पसन या वाणातूनच निघालेली आहेत. वेलीवर आपोआप एखादी वेगळी फूट आली, कुणा शेतकऱ्याच्या नजरेने ती हेरली आणि तिच्याच काड्या लावत नेल्या. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची, तास-ए-गणेशच्या नावातच तासगाव आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांची नावं तर ऐका: त्र्यंबक आणि तपोवन. तीर्थक्षेत्रांची नावं घेऊन निवडीचं तत्त्व आपल्या शेतात उभं आहे आणि कुणाच्या भावना दुखावल्या असं अजून तरी ऐकिवात नाही.

चार्ल्स डार्विनने १८५९ मधल्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाची सुरुवात अशीच पाळीव प्राण्यांपासून आणि पिकांपासून केली आहे. माणूस थोड्या पिढ्यांत एवढं करू शकतो, तर निसर्गाला कोट्यवधी वर्षं मिळाल्यावर काय होईल, असा त्याचा रोख होता.

'थिअरीच आहे ना ती!'

आपल्याकडे 'थिअरी' या शब्दाने फार घोळ घातला आहे. परीक्षेत थिअरीला ८० आणि प्रॅक्टिकलला २०. एखादा माणूस नुसतं बोलतो आणि करत काही नाही, तर तो 'थिअरी मारतो'. म्हणून 'थिअरी ऑफ इव्होल्यूशन' म्हटलं की ही अजून सिद्ध न झालेली नुसती बोलाची कढी, असं मनात बसतं.

विज्ञानात जो अंदाज अजून तपासायचा आहे त्याला परिकल्पना म्हणतात. सिद्धांत, म्हणजे थिअरी, ही खूप वरची पायरी. असंख्य निरीक्षणं एका सूत्रात ओवणारं आणि वर्षानुवर्षं तपासण्या झेलून टिकलेलं स्पष्टीकरण. जंतूंमुळे रोग होतात हीसुद्धा थिअरीच, आणि म्हणून कुणी ऑपरेशनआधी हात धुवायचे सोडत नाही.

'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?'

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अगदी हेच म्हणाले होते. आपल्या पूर्वजांपैकी कुणीही माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं सांगितलेलं किंवा लिहिलेलं नाही, म्हणून डार्विन चूक आणि पुस्तकं बदलायला हवीत. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याला उत्तर दिलं आणि त्यांच्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं.

पण आक्षेप त्यांच्या एकट्याचा नाही, घरोघरचा आहे. त्याचं उत्तर नाशिकच्या रामकुंडावर मिळतं.

वडिलांचं श्राद्ध करायला गेलो तेव्हा आमच्या क्षेत्रोपाध्यायांनी गाव, आडनाव, आजोबांचं नाव विचारलं आणि कापडात बांधलेली नामावळीची वही काढली. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी पडलेली. शेजारच्या पाटावर जळगावकडचा एक माणूस बसला होता, आडनाव आमचंच. वही मागे-मागे चाळत गेलो तेव्हा त्याची आणि माझी ओळ एका नावाशी येऊन मिळाली. तो माझ्या खापरपणजोबांचा बाप. म्हणजे मी काही त्या जळगावच्या माणसापासून झालेलो नाही आणि तो माझ्यापासून झालेला नाही. आम्ही दोघं एका तिसऱ्याचे वंशज.

माणूस आणि चिंपांझी यांचं नातं असंच भावकीचं. दोघांचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो आजचा चिंपांझी नव्हता आणि माणूसही नव्हता. "मग माकडं अजून शिल्लक कशी?" हा प्रश्न "मी नाशिकला आलो, तर चुलतभाऊ अजून जळगावात कसा?" या धर्तीचा आहे.

वहीचं उदाहरण आणखी एक पाऊल पुढे नेता येतं. समजा दोन वेगळ्या वह्यांत एकाच ठिकाणी 'रामचंद्र'चं 'रामचद्रं' झालंय, अनुस्वार त्याच चुकीच्या जागी. दोन कारकुनांनी आपापल्या मनाने नेमकी तीच चूक केली असेल, की दोन्ही वह्या एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरवल्या असतील? गाय, बकरी, कुत्रा यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होतं. आपल्याला ते लिंबा-आवळ्यातून घ्यावं लागतं. ते बनवणारं जनुक आपल्याकडेही आहे, पण मोडकं. आणि चिंपांझीचं तेच जनुक त्याच धर्तीवर मोडलेलं आहे. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्या जनुकाची मोडतोड वेगळी. प्रत वेगळी, म्हणून चूक वेगळी. डार्विनला जनुकं ठाऊकसुद्धा नव्हती. त्याच्या पश्चात सापडलेल्या या वहीने त्याच्या बाजूने साक्ष दिली.

आणि 'पाहिलं' म्हणाल, तर छोटे बदल डोळ्यांदेखत मोजले गेले आहेत. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य गालापागोसच्या एका खडकाळ बेटावर वर्षानुवर्षं फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ मध्ये तिथे दुष्काळ पडला, मऊ बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या बिया उरल्या. त्या फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी जास्त वाचले आणि पुढच्या पिढीत चोचींची सरासरीच वाढली. मोठ्या बदलांचे पुरावे खडकांत मिळतात, तेही परदेशातच असं नाही. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर राहत, हे उलगडण्यात कच्छमध्ये सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांचा मोठा वाटा आहे. जम्मू भागातल्या कालाकोटहून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी आणलेले दगड तर त्यांच्या हयातीत फोडलेच गेले नव्हते. पुढे त्यांतून हरणासारख्या एका छोट्या खुरवाल्या प्राण्याची कवटी निघाली आणि तिच्या कानाचं हाड थेट देवमाशाच्या वळणाचं निघालं. २००७ मध्ये हे जगापुढे आलं.

तरी एवढा वेळ होता का?

माणसाची बुद्धी कोटी वर्षांपुढे थिटी पडते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा, धाप लागली की कातळाला टेकून उभे राहा. तो काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचा, वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. डायनोसॉर संपले त्याच सुमाराचा. हा सगळा काळ एका वर्षात बसवू. लाव्हा थिजला १ जानेवारीला आणि आत्ता ३१ डिसेंबरची मध्यरात्र. मग माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आपली जात, आधुनिक माणूस, आली ३० डिसेंबरच्या सकाळी. ज्यांना आपण प्राचीन म्हणतो ती दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी कोरायला घेतली तेव्हा वर्ष संपायला सोळा मिनिटं उरली होती. आणि पृथ्वीवर जीव कधी आले विचाराल, तर अशी पन्नासेक वर्षं मागे जावं लागेल.

सगळ्या लिखित आठवणी शेवटच्या तासाभरातल्या. 'पूर्वजांनी लिहून ठेवलं नाही' हा आक्षेप म्हणूनच लंगडा पडतो.

अमेरिकेचं शंभर वर्षांचं भांडण

हा वाद मुळात अमेरिकेत पेटला. तिथल्या अनेक ख्रिस्ती गटांची श्रद्धा अशी की बायबलमधली सृष्टीच्या निर्मितीची कथा शब्दशः खरी. देवाने सगळे जीव आज आहेत तसेच वेगवेगळे घडवले आणि काहींच्या हिशेबाने पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांचीच. या भूमिकेला सृष्टिवाद म्हणतात.

१९२५ मध्ये टेनेसी राज्याने सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवायला बंदी घातली. डेटन गावात जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला भरला गेला. गंमत म्हणजे खटला व्हावा, गावाचं नाव व्हावं, ही गावातल्या काही व्यापाऱ्यांचीच इच्छा होती, आणि आपण तो भाग खरंच शिकवला होता का याची खुद्द स्कोप्सलाही खात्री नव्हती. जत्रा भरली, रेडिओवरून प्रक्षेपण झालं, १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द झाली, पण कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा बंदीलाच घटनाबाह्य ठरवलं. मग पवित्रा बदलला: बंदी नको, पण उत्क्रांती शिकवाल तर 'सृष्टिविज्ञान'ही तेवढंच शिकवा. १९८७ मध्ये न्यायालयाने अशी सक्ती करणारा कायदाही रद्द केला, कारण ते विज्ञानाच्या वेषातलं धर्मशिक्षण होतं. मग तिसरा अवतार आला, 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे बुद्धिमान रचना. देवाचं नाव घ्यायचं नाही, फक्त म्हणायचं की सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की कुणी तरी हुशार रचनाकार असलाच पाहिजे.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात २००५ मध्ये याचा निकाल लागला. या मताच्या एका शालेय पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात तपासले गेले. १९८७ च्या निकालानंतर 'क्रिएशनिस्ट्स', म्हणजे सृष्टिवादी, हा शब्द काढून जागोजागी 'डिझाइन प्रोपोनंट्स' घातला होता. एका ठिकाणी घाई झाली. नवे शब्द आत घुसले, पण जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट दोन्ही बाजूंना तशीच राहिली. रामचद्रंसारखीच नकलेतली चूक! पुस्तकाची उत्क्रांती कशातून झाली हे त्या एका चुकीने सांगितलं. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही असा निकाल दिला. त्यांची नेमणूक उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली, म्हणजे त्यांना कुणी डावे म्हणण्याची सोय नव्हती.

'दोन्ही बाजू शिकवा, मुलं ठरवतील'

हे वाक्य ऐकायला इतकं रास्त वाटतं की विरोध करणारा हटवादी ठरतो. मीही बराच काळ याच मताचा होतो.

पण विज्ञानाच्या तासाला प्रवेश मिळण्याची अट एकच आहे: तुमचं म्हणणं कोणत्या पुराव्याने खोटं पडेल, ते सांगा. उत्क्रांती सांगू शकते. पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सशाचं हाड सापडू द्या, सगळी इमारत हादरेल. सृष्टिवाद काय सांगणार? काहीही सापडलं तरी 'देवाची इच्छा' हे उत्तर तयार असतं. श्रद्धेत हा दोष नाही. प्रयोगवहीत मात्र तो बसत नाही.

आणि 'दोन' बाजू कोणत्या? बायबलची कथा घ्यायची तर कुराणातली, पुराणातली आणि ठाकर-कोकणा आदिवासींच्या गोष्टींतली का नको? इतिहासाच्या, भाषेच्या तासाला त्या जरूर सांगाव्यात, मी तर म्हणेन रंगवून सांगाव्यात. विज्ञानातही वाद आहेत, पण ते बदल किती वेगाने होतो, कोणती फांदी कधी फुटली, यावर. फांद्या फुटल्या की नाही यावर नाहीत.

'आपल्या दशावतारात हे आधीच आहे'

मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, प्राण्यातून माणसाकडे. क्रम चटकन डोळ्यात भरतो, आणि तो मांडणारा माणूस बहुतेक वेळा उत्क्रांतीच्या बाजूनेच बोलत असतो, म्हणून त्याच्याशी भांडवत नाही.

तरी सांगायला हवं. गोष्टीत वराह कासवाचा वंशज नाही. विष्णू प्रत्येक वेळी नव्याने येतो, ते काही तरी संकट निवारायला. उत्क्रांतीचा गाभा आहे वंश आणि निवड, आणि त्या दोन्हींचा कथेत मागमूस नाही. त्यात झाडं, पक्षी, डावणी यांनाही जागा नाही. कथा जे सांगायला रचली गेली ते ती उत्तम सांगते. तिच्या गळ्यात जीवशास्त्राचा धडा अडकवला की दोन्हींचं नुकसान होतं, आणि 'आपल्याकडे होतंच' म्हटल्यावर पुढचं वाचायची गरजही संपते.

एक मात्र आहे. रामकुंडावर संकल्प सोडताना गुरुजी 'श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे' म्हणतात तेव्हा आपण ऐकत असतो तो कोट्यवधी वर्षांचा हिशेब. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. सृष्टी कशी झाली हे कोणाला ठाऊक, असं विचारून थांबणारं सूक्त ऋग्वेदात आहे. त्यामुळे सहा हजार वर्षांच्या पृथ्वीसाठी आपल्याकडे कुणी कोर्टात गेलं नाही. अमेरिकेत उत्क्रांतीशी भांडण झालं. आपल्याकडे एखाद-दुसरं विधान सोडलं तर तसं रीतसर भांडण झालंच नाही, पानं कमी करताना तिची पानं गेली.

देव मानणाऱ्याने काय करायचं?

गोदेला पूर आला की नाशिककर काय विचारतो? "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. पात्रात उभ्या असलेल्या त्याच मारुतीला नमस्कार करायचा आणि त्याच्याकडे बघून पाणी मोजायचं, यात आपल्याला कधी विसंगती वाटली नाही. पण गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडायचं, हा हिशेब पाटबंधारे खातं पातळी मोजून करतं, कौल लावून नाही. उत्क्रांतीचं तेवढंच मागणं आहे. जीव कसे बदलले हे ती सांगते. देव आहे की नाही हा तिचा विषय नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ परिकल्पनेपलीकडे गेल्याचं मान्य केलं, आणि त्यांनी चर्चला कुलूप लावलं नाही.

'बळी तो कान पिळी' हीच शिकवण ना?

नाही. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द डार्विनचे नव्हेत, इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ चे. डार्विनने ते नंतर उचलले, आणि माझ्या मते चूकच केली. इथे फिट म्हणजे दंडात बेटकुळ्या असलेला नव्हे, परिस्थितीत बसणारा. त्या दुष्काळात मोठी चोच बसली, दुसऱ्या एखाद्या वर्षी लहान बसेल. या शब्दांच्या आडून वंशश्रेष्ठत्वाचे फार घाणेरडे उद्योग झाले, हे खरं आहे. पण निसर्गात काय घडतं यावरून माणसाने कसं वागावं हे निघत नाही. गुरुत्वाकर्षण शिकलेल्या मुलाला आपण गच्चीवरून लोकांना ढकलायला शिकवत नाही.

आता ओझ्याचं

एनसीईआरटीचं म्हणणं उडवून लावू नये. दहावीच्या मुलांवर ओझं आहे, माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि धडा छापला म्हणजे शिकवला जातो असंही नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या शाळेत, नाव सांगत नाही, हा धडा "घरी वाचून घ्या, चारच मार्कांना आहे" म्हणून उरकला होता.

पण काय काढायचं हे ठरवताना, ते पुढे कुणाला भेटणार आहे ते बघावं लागतं. दहावीनंतर कुणी कॉमर्सला जातं, कुणी आर्ट्सला, कुणी आयटीआयला, कुणी बापाबरोबर बागेत. त्यांच्यासाठी दहावी हे विज्ञानाचं शेवटचं स्टेशन. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या मुलीला उत्क्रांती तिथे भेटेल. जो पोरगा उद्या फवारणी करणार, अर्धवट गोळ्या खाऊन अँटिबायोटिकचा कोर्स सोडणार, कापसावरची गुलाबी बोंडअळी बीटीला का जुमानत नाही म्हणून डोक्याला हात लावणार, त्याला ती पुन्हा भेटणार नाही. काटछाटच करायची तर मी आणखी बरंच काही सुचवीन. हा धडा मात्र अकरावी-बारावीकडे ढकलला की तो ज्याच्या कामाचा आहे त्याच्याच हातून सुटतो.

पुतणीने भावाच्या पुस्तकातून तो धडा वाचून काढला. दिवाळीच्या सुट्टीत सगळे निफाडला गेलो होतो. दोन दिवस झड लागलेली आणि मेव्हणा पान उलटून दाखवत म्हणाला, "सवय झालीय हिला औषधाची."

"सवय नाही, मामा. जिला लागू पडत होतं ती मेली. ही उरलेलीची पोरं आहेत."

मेव्हण्याने तिच्याकडे बघितलं. "बरं बाई, पोरं. मग उद्या काय मारू ते सांग."

"मागच्या वेळी काय मारलं होतं?"

त्याने पंपाच्या खोलीतून फवारणीची वही आणली. एक्स्पोर्टला माल द्यायचा असतो म्हणून तो प्रत्येक फवारणी लिहून ठेवतो, रिकामे बॉक्सही फेकत नाही. पोरांनी वहीतली नावं आणि कोपऱ्यातले बॉक्स जुळवायला घेतले. तीन फवारण्या, तीन कंपन्या, तीन वेगळी नावं. बॉक्सवर बारीक अक्षरात छापलेला घटक मात्र तिन्हींवर एकच होता.

मेव्हणा काही बोलला नाही. चष्मा लावला आणि वहीची दोन पानं मागे गेला.